गादी दैवाची, पुढचे आपले

हुपरीसारख्या चांदीच्या गावी नशिबाची चर्चा रोजचीच. भाव चढला की ज्याच्या घरी माल पडून होता त्याचे फावते. उतरला की तोच डोक्याला हात लावून बसतो. ज्याचे फावले त्याला गाव भाग्यवान म्हणते, आणि तो मात्र आपल्या हुशारीनेच झालं असे समजतो. बुडालेल्याचे उलटे. तो दैवाला बोल लावतो आणि गाव त्याची अक्कल काढते. हा घोळ उलगडायला लांब जायला नको. आपल्याच करवीरच्या गादीवर असा एक पुरुष होऊन गेला, की ज्याला दैवाने मोजमाप न करता दिले. ते म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती. त्यांच्या चरित्राकडे आज या एकाच अंगाने पाहू.

महाराजांचे जन्मनाव यशवंतराव. जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. म्हणजे मूळचे ते छत्रपती नव्हेत. तिसऱ्या वर्षी आई राधाबाई गेल्या. पुढे १७ मार्च १८८४ रोजी, वयाची दहा वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. आता हे निव्वळ दैव म्हणावे, तर त्यांचे वडील आबासाहेब हे त्या वेळी संस्थानचा कारभार पाहत होते, हेही विसरता येत नाही. तरी पण नऊ वर्षांच्या पोराची त्यात काय कर्तबगारी? काही नाही. कुणीतरी हात धरून बसवले, ते बसले.

पण वाचकहो, ही गादी काही फुलांची नव्हती. त्यांच्या आधी याच गादीवर दोन दत्तक येऊन गेले होते. पहिले राजाराम महाराज. १८६६ साली दत्तक आले, विलायतेला गेले आणि परतताना १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स शहरी वारले. वय वीस. त्यांच्या मागून आलेले शिवाजी महाराज लहान असतानाच १८७१ साली दत्तक आले. पुढे वेड लागले म्हणून इंग्रजांनी त्यांना अहमदनगरला नेऊन ठेवले, आणि तिथेच पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन २५ डिसेंबर १८८३ ला त्यांचा अंत झाला. तेही विशीतच. गादी तीच, राजयोग तोच. मग या दोघांनी प्रयत्न केला नाही म्हणून ते बुडाले, असे म्हणायला कुणाची जीभ धजेल? माझी तरी नाही. प्रयत्न करायला आधी श्वास लागतो, आणि तो शाहू महाराजांना लाभला, एवढे दैवाच्या खात्यावर मांडलेच पाहिजे.

राजकोट आणि धारवाड इथे शिक्षण झाले. मध्येच १८८६ साली वडीलही गेले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली. इथपर्यंत सारे दुसऱ्यांनी केलेले. आपले असे जे काही, ते इथून पुढे.

आणि पुढे काय उभे राहिले? १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या पाठीवर प्लेग. राजाने म्हणावे, आमच्या वाट्याला हे वाईट ग्रह आले, आणि देवघरात बसावे. तशी चाल होतीच. महाराज गावोगाव फिरले, स्वस्त धान्याची दुकाने काढली, गुरांच्या चाऱ्याची सोय केली. दुष्काळ सरला तरी त्यांच्या मनातून तो सरला नाही. पाऊस आपल्या हातचा नाही, पण पडलेले पाणी अडवणे तर आहे ना? यातून भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले.

गादीवर येण्याचे दैव एकट्याला लाभले, ही गोष्ट त्यांना आतून टोचत असावी. नाहीतर बोर्डिंगे काढण्याचा तो सपाटा उलगडत नाही. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले, मग जैनांचे, मुसलमानांचे, अस्पृश्यांचे, एकामागून एक. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. ज्या पोराला जन्माने काहीच दिले नाही, त्याच्या उंबऱ्यापर्यंत संधी नेऊन ठेवायची, हे राजाचे काम. आत पाऊल टाकायचे ते पोराने. आईबापांनाही त्यांनी मोकळे सोडले नाही. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि मूल शाळेत धाडले नाही तर महिना एक रुपया दंड!

गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर करवीरात पोरंसोरंही सांगतात. पाण्याला शिवले म्हणून या माणसाला मार बसला. महाराजांनी त्याला चहाचे दुकान घालून दिले. पण दुकान घातले म्हणून गिऱ्हाईक येते थोडेच! मग महाराज आपली गाडी दुकानापुढे थांबवून स्वतः तिथला चहा घेत, आणि बरोबरच्या सरदार मंडळींनाही तो घ्यावा लागे. पहाटे उठून चूल पेटवणे मात्र गंगारामचेच होते.

दैवाने त्यांना काही सुखातच ठेवले नाही. १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले. घरात कोवळ्या वयाची सून, इंदुमतीदेवी, विधवा झाली. रूढीने तिला कोपऱ्यात बसवले असते. सासऱ्याने तिच्या हाती पुस्तके दिली, शिकवणीला शिक्षक ठेवले. घरातल्यांची नाराजी होती. ती त्यांनी सोसली.

आपल्या हातकणंगले तालुक्यातले माणगाव हुपरीकरांना काही परके नाही. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे. महाराज मुद्दाम तिथे गेले आणि या तरुणाच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचे भर सभेत सांगून आले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांनी देह ठेवला. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. धरण अर्धेच राहिले होते. पैसा आटला, काम थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि १९५७ साली ते पूर्ण झाले. बांधायला घेणाऱ्याच्या मागे पस्तीस वर्षांनी. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्याच भाराने ते उघडतात, आणि पंचगंगाकाठच्या गावांना खबर लागते की राधानगरी भरली.