बाबासाहेबांसमोर उभा राहिलेला गोलंदाज

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत आजवर बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांची चरित्रे येत राहिली, आणि ते स्वाभाविकच आहे. या खेपेस ज्यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे, ते सहकारी नव्हते. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबईतील भायखळा-परळच्या मतदारसंघात ते बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे होते. त्यांचे नाव पालवणकर बाळू. तरीही ज्या मुलांनी वसतिगृहात राहून, एका पंगतीत जेवून शिक्षण घेतले, त्यांना हे चरित्र परके वाटू नये.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले, वडील लष्कराच्या चाकरीत. बालपण पुण्यात गेले. शाळेचा लाभ फारसा झाला नाही. पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम, आणि त्याचे वेतन महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. जाळे बांधणे, रेघा आखणे ही कामे उरकली की ते सरावासाठी साहेबांना चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्यासमोर तासन्‌तास सराव करी, आणि बाद झाला की प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, फलंदाजी साहेबाची, अशी ती वाटणी होती. डावखुऱ्या हाताने मंदगती फिरकी टाकण्याची त्यांची विद्या या वाटणीतूनच घडली.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत पोहोचली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे सर्वांना कळत होते; पण तो अस्पृश्य होता. अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाकीच्यांना चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी. साताऱ्याच्या एका सामन्यात त्यांनी गोऱ्यांचा संघ गुंडाळला, तेव्हा त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली गेली, अशी हकिकत सांगितली जाते. सोबत खेळता तर सोबत जेवावयास काय हरकत आहे, असा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी त्या काळी खेळाडूंना केला, असेही नमूद आहे. हत्तीवर बसवणे सोपे होते. पंगतीत बसवणे अवघड.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस आले. येथे हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळवताना पुन्हा तीच कुरकुर झाली, आणि पुन्हा तिच्यावर मात झाली ती गरजेपोटी. नोकरी बी.बी.सी.आय. रेल्वेत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ व १६० धावा, युरोपियनांच्या १९१ व १०२. शेवटच्या डावात १०२ धावांत गोऱ्यांना गारद करण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही त्याच संघात होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यांना द्यावयाचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजातील एका विद्यार्थ्याने लिहिले होते, असे नोंदवलेले आढळते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पंचवीस वर्षांनंतर मतपत्रिकेवर समोरासमोर येणारी ही दोन नावे आधी अशी एका मानपत्रात भेटली.

एवढा पराक्रम करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये तर त्यांना वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले आणि बाळू संघात परतले, ते उपकर्णधार म्हणून. कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले ते १९२३ साली, विठ्ठलच्या रूपाने.

आता राजकारणाकडे वळू. बाळूंच्या आयुष्याची घडण पाहता त्यांचा मार्ग कसा ठरला, हे समजणे कठीण नाही. संघात टिकून, खेळून दाखवून, सवर्णांच्या मनात पालट घडवता येतो, हा त्यांचा अनुभव होता. गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणावर त्यांचा विश्वास बसला तो त्यातूनच. बाबासाहेबांचा अनुभव निराळा होता. महाडचे तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर यांनी त्यांना दुसरेच काही शिकवले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण बाबासाहेबांनी ती सही गांधीजींच्या प्राणांतिक उपोषणाच्या दडपणाखाली केली, तर बाळूंना संयुक्त मतदारसंघ मनापासून मान्य होता. १९३५ मध्ये येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. त्याआधी १९३३ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक ते हिंदू महासभेच्या वतीने लढले होते आणि हरले होते.

१९३७ ची निवडणूक १९३५ च्या कायद्याखालची पहिली. बाबासाहेब १९२७ पासून मुंबईच्या विधिमंडळाचे सभासद होते, पण सरकारनियुक्त. मतदारांच्या दारी जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेला, म्हणजे सहा महिन्यांचा. समोर काँग्रेस, तिच्यामागे वर्तमानपत्रे, पैसा आणि स्वराज्याच्या आंदोलनाचे तेज. राखीव जागा असली तरी पुणे करारामुळे मते सर्वांची होती. गिरणगावातील सवर्ण मतदार जिकडे झुकेल तिकडे जागा जाण्याची धास्ती होती. अशा ठिकाणी काँग्रेसने एक असा माणूस निवडला की ज्याचे नाव घराघरांत ठाऊक होते, जो सवर्णांना आपला वाटे आणि जो स्वतः अस्पृश्य होता. निवड चतुराईची होती. महार नेत्यासमोर चर्मकार उमेदवार उभा करण्यात समाजाची फाळणी करण्याचा हिशेबही होता, असे मला वाटते. बाळूंच्या हेतूवर मात्र मी संशय घेणार नाही.

निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. हा आकडा आपण पुन्हा पाहावा. बाबासाहेबांचा विजय आज आपल्याला अटळ वाटतो. त्या दिवशी तो तसा नव्हता. हजारभर मतदार इकडचे तिकडे झाले असते, तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडणारा हात सभागृहात नसता, आणि औद्योगिक कलह विधेयकावर मजुरांचा आवाज आतून उठला नसता. पंधरा वर्षांनी, १९५२ मध्ये, मुंबईतूनच बाबासाहेब लोकसभेची निवडणूक हरले, आणि त्यांना हरवणारे काजरोळकरही काँग्रेसचे आणि चर्मकार समाजातलेच होते. १९३७ चा हिशेब तेव्हा काँग्रेसला जुळला.

पराभवानंतर बाळू राजकारणात फारसे दिसले नाहीत. त्यांच्या पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी जमा आहेत, आणि तेही एका बळीमागे जेमतेम पंधरा धावा देऊन. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्याला त्या वेळी अजून पंधरा महिने अवकाश होता.