बाण सोसणारा सेनानी : कांदिदो रोंदोन

ब्राझील देशाच्या पश्चिम सीमेवर रोंदोनिया नावाचे राज्य आहे. राज्यांना राजांची वा विजेत्या सेनापतींची नावे मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. ज्या सैनिकाने अरण्यातील माणसावर शस्त्र उचलण्यास आपल्या तुकडीला मनाई केली, त्याचे नाव मात्र या राज्याला लाभले आहे. त्या कांदिदो रोंदोन यांचा जीवनपट आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रोंदोन यांचा जन्म ५ मे १८६५ रोजी मातो ग्रोसो प्रांतातील मिमोसो या खेड्यात झाला. मातेकडून त्यांच्यात बोरोरो व तेरेना या आदिवासी जमातींचे रक्त होते. पित्याचे निधन त्यांच्या जन्मापूर्वीच झाले आणि मातेचे छत्रही बालपणीच हरपले. प्रथम आजोबांनी व पुढे कुयाबा शहरातील चुलत्यांनी त्यांचा सांभाळ केला. रोंदोन हे आडनावही त्यांनी या चुलत्यांकडूनच घेतले. शाळेचे शिक्षण पूर्ण होताच १८८१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले, कारण निर्धन मुलाला राजधानीत उच्च शिक्षण मिळण्याची ती एक वाट होती. रिओ द जानेरो येथील सैनिकी विद्यालयात त्यांनी गणित व निसर्गशास्त्रे यांचे अध्ययन केले. तेथील अध्यापनाची वाट त्यांना मोकळी असूनही त्यांनी आयुष्य वेचले ते अरण्यात, तारायंत्राच्या खांबांसोबत.

त्या काळी ब्राझीलचा पश्चिम भाग राजधानीपासून जणू तुटलेला होता. १९०७ मध्ये कुयाबापासून मदेइरा नदीपर्यंत तारेची वाट आखण्याचे काम सरकारने रोंदोन यांच्यावर सोपविले. हा प्रदेश तोवर कोणत्याही नकाशावर नीट उतरलेला नव्हता. पारेसी जमातीचे वाटाडे सोबत घेऊन ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जुरुएना नदीपाशी पोहोचले. तेथून पुढे नाम्बिक्वारा लोकांची भूमी लागत होती. रबर गोळा करणाऱ्यांच्या बंदुकांचा अनुभव या लोकांना आला होता, म्हणून प्रत्येक परक्याला ते शत्रूच समजत.

एके दिवशी झाडीतून अचानक बाण सुटले. त्यांपैकी एक रोंदोन यांच्या छातीवरील चामडी पट्ट्यात रुतला. पट्टा नसता तर प्राण वाचणे कठीण होते. सोबतचे लोक सूडासाठी उतावीळ झाले. रोंदोन यांनी मात्र कोणालाही पाठलाग करू दिला नाही आणि तुकडी माघारी वळविली. ही भूमी त्यांची आहे, येथे आगंतुक आपणच आहोत, असा त्यांचा विचार होता. प्रसंगी मरण पत्करावे, पण कोणाचा प्राण घेऊ नये, हा दंडक त्यांनी तुकडीला घालून दिला होता. हाती बंदूक असताना तो पाळणे किती अवघड होते, याची कल्पना आपण करावी. पुढे वाटेवर भेटवस्तू ठेवीत, संयमाने वाट पाहत, काही वर्षांनी नाम्बिक्वारांशी सलोखा जुळला.

१९०९ ची मोहीम सर्वांत कष्टाची ठरली. सुमारे चाळीस माणसे घेऊन ते जूनच्या सुमारास जुरुएनाहून निघाले. दाट झाडी तोडीत पायवाट काढावी लागे. ओझ्याची जनावरे गळाली, शिधा संपला. मग रानफळे, मध, ताडवृक्षाचा कोवळा गाभा आणि मिळेल ती शिकार यांवर दिवस काढले. हिवतापाने माणसे जर्जर झाली. रोंदोनही त्यातून सुटले नाहीत. वर्षाच्या अखेरीस ती तुकडी चिंध्या पांघरून मदेइराच्या तीरी पोहोचली. याच मोहिमेत एका अज्ञात नदीचा उगम त्यांना दिसला. ती कोठे जाते हे न कळल्याने तिला संशयाची नदी असे नाव पडले. १९१४ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमवेत त्यांनी त्या नदीचा प्रवाह मुखापर्यंत शोधून काढला.

१९१० मध्ये आदिवासींच्या रक्षणासाठी सरकारी सेवा स्थापन झाली आणि रोंदोन तिचे पहिले संचालक झाले. परंतु चरित्र सांगताना केवळ गौरव सांगणे आम्हांला उचित वाटत नाही. १९१५ च्या आरंभी तारेची वाट सुरू झाली, तोवर बिनतारी संदेशयंत्रणा पुढे आली होती आणि थोड्याच वर्षांत तारेचे महत्त्व ओसरले. मात्र त्या वाटेने वसाहतकरी व रोगराई आली आणि नाम्बिक्वारांची संख्या ओसरत गेली. रोंदोन यांनी स्थापलेली सेवाही त्यांच्या पश्चात भ्रष्टाचार व अत्याचारांनी डागाळून १९६७ मध्ये बंद करावी लागली. एका व्यक्तीचे शील संस्थेला आपोआप लाभत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने जोपासावे लागते.

१९ जानेवारी १९५८ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, रोंदोन निवर्तले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९५६ मध्ये, त्या प्रदेशाला त्यांचे नाव देण्यात आले होते. मातापित्यांविना वाढलेल्या त्या मुलाला शिक्षणाने राजधानीपर्यंत नेले, आणि तो त्याच शिक्षणासह आपल्या मातेच्या लोकांकडे परतला. वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी या परतीच्या प्रवासाचा अवश्य विचार करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.