नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (जन्म : सातारा, १२ फेब्रुवारी १७४२, मृत्यू : पुणे, १३ मार्च १८००) हे पेशवाईच्या उत्तरार्धातील मराठी राज्याचे कारभारी व मुत्सद्दी होते. सवाई माधवरावांच्या काळात सुमारे दोन दशके राज्याचा हिशेब, फौजेच्या खर्चाची तरतूद आणि परराज्यांशी चालणारा पत्रव्यवहार त्यांच्या हाती एकवटला होता. ते रणांगणावरचे सेनापती नव्हते. त्यांच्या काळातील मोहिमा महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी लढवल्या. पैसा, रसद, बातमी आणि हुकूम वेळेवर पोहोचवण्याचे काम नानांच्या फडाने केले.

घराणे व पूर्वायुष्य

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ भट यांच्याबरोबर देशावर आले. १७१९ मध्ये पेशव्यांच्या दिल्लीच्या स्वारीत तेथील दंग्यात ते मारले गेले. पुढे फडणिशी भानूंच्या घराण्यात वंशपरंपरेने चालली. वडील जनार्दन बल्लाळ यांचे १७५६ मध्ये निधन झाले, तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते आणि त्या वयातच त्यांच्याकडे हे पद आले.

१७६१ च्या जानेवारीत नाना सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर पानिपतावर होते. यात्रेच्या निमित्ताने त्यांची आई व पत्नीही सोबत होत्या. पराभवानंतर नाना वेष पालटून, उपाशीतापाशी पायी निसटले. पत्नी वाचली, आई परतली नाही. या घटनेपर्यंतचे आपले आयुष्य त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रपर लेखनात त्याची गणना होते. स्वतःची भीती आणि मनाचे दौर्बल्य त्यात ज्या मोकळेपणाने आले आहे, तसा मोकळेपणा त्यांच्या पुढील राजकीय पत्रांत शोधूनही सापडत नाही.

फड आणि हुजूर दफ्तर

फडणीस म्हणजे फडावरील लिहिणारा, हा शब्दार्थ पदाचे महत्त्व सांगण्यास अपुरा आहे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दफ्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असे व त्यात फड, बेहेडा, सरंजाम अशी खाती मोडत. एक बेरीज दफ्तरात सर्व खात्यांचे वार्षिक हिशेब एकत्र लावून ठेवले जात. सनदा, हुकूम, नेमणुका आणि खर्चाच्या मंजुऱ्या यांची नोंद फडावर रोजकीर्दीत होई. दफ्तरात सुमारे २०० कारकून काम करीत. लेखन मोडी लिपीत चाले.

लष्कराशी या दफ्तराचा संबंध थेट होता. फौजेचा मोठा भाग सरंजामी सरदारांचा असे. कोणत्या सरदाराने किती स्वार ठेवायचे आणि त्यासाठी त्याला कोणता मुलूख लावून दिला आहे, हे तैनात जाबत्यात लिहिलेले असे. मोहिमेपूर्वी स्वारांना नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम द्यावी लागे. ती चुकली तर फौज वेळेवर जमत नसे. कागदावरील स्वार आणि प्रत्यक्षातील घोडी यांत तफावत असण्याचा धोका कायम होता, म्हणून हजेरी घेऊन मोजदाद होई. किल्ल्यांवरील शिबंदीचा पगार, धान्यसाठा व दारूगोळा यांच्या नोंदी निराळ्या असत. थोरल्या माधवरावांच्या कडक शिस्तीत नाना या कामात तयार झाले. अनेक अभ्यासकांना नानांची मुत्सद्देगिरी अधिक आकर्षक वाटली आहे, परंतु तिचा पाया या हिशेबी कामात होता.

बारभाईंचे कारस्थान

१७७२ मध्ये माधवराव थेऊर येथे मरण पावले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव पेशवेपदावर आले. त्यांच्याविरुद्ध सखारामबापू बोकील, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मंडळी एकत्र आली. हेच बारभाई होत. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेण्यात आले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाच्या नावाने राज्यकारभार सुरू झाला.

रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला तो मान्य नव्हता. मुंबई आणि कलकत्ता यांचे एकमत नाही हे ओळखून बारभाईंनी कलकत्त्याचा वकील कर्नल अप्टन याच्याशी १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यात आला, तेव्हा नानांनी त्याचे मुद्दाम आदरातिथ्य केले. त्याच सुमारास अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध लढत होत्या आणि १७७८ मध्ये फ्रान्स त्यांच्या बाजूने युद्धात उतरले. त्यामुळे पुण्यातील एका फ्रेंच माणसाच्या वास्तव्याचे मुंबईत मोठे भय वाटले. त्या माणसाच्या हाती देण्यासारखे फारसे काही नव्हते, हे पुढे उघड झाले.

वडगावची लढाई (१७७९)

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्यात बसवण्यासाठी इंग्रजी फौज मुंबईहून निघाली. तिच्यात सुमारे ३,९०० सैनिक होते आणि सामानासाठी सुमारे १९,००० बैल होते. एवढ्या लवाजम्यामुळे बोरघाट चढून आल्यावरही फौज मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खंडाळ्याहून तळेगावला पोहोचण्यास तिला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला.

या संथपणाचा फायदा पुण्याच्या कारभाऱ्यांनी घेतला. भिवराव पानशांच्या तुकड्यांनी घाटमाथ्यावर शत्रूला सतावले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. ‘इष्टूर फाकडा’ या नावाने तो आजही मावळात ओळखला जातो. शिंदे, होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजा समोर येऊन ठाकल्या. वाटेवरचा मुलूख ओसाड करण्याचा निर्णय झाला होता. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावला पोहोचले तेव्हा गाव जळत होते. पुढे चिंचवड आणि प्रसंग पडल्यास पुणेही जाळण्याची तयारी होती. चिंचवड हे मोरया गोसावींचे समाधिस्थान आणि तेथील देव संस्थान पेशव्यांच्या विशेष श्रद्धेचे. आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातून जाणाऱ्या रस्त्यावरील ते गाव आगीच्या स्वाधीन करायचे, ही तयारी त्या आठवड्यातील निकराची कल्पना देते.

चिंचवड जाळण्याची वेळ आली नाही. पुणे १८ मैलांवर राहिले असता दाणागोटा संपेल या भीतीने इंग्रजांनी ११ जानेवारीच्या रात्री माघार घेतली. जड तोफा त्यांनी तळेगावच्या तळ्यात टाकल्या. वडगाव येथे मराठी फौजेने त्यांना वेढले. तेथे झालेल्या करारानुसार १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे आणि रघुनाथरावांना शिंद्यांच्या स्वाधीन करण्याचे इंग्रजांनी मान्य केले. हा करार मुंबई व कलकत्ता दोन्ही सरकारांनी नंतर नाकारला. इंग्रजांशी झालेल्या गुप्त पत्रव्यवहारात सखारामबापूंचे नाव असल्याचा पुरावाही याच सुमारास पुढे आला. बापू कैदेत गेले आणि कारभार एकट्या नानांकडे राहिला.

चौकडीचे राजकारण ते खर्डा

वडगावनंतर नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. चारही सत्तांनी आपापल्या दिशेने एकाच वेळी चालून जायचे, असा बेत पत्रांतून ठरला. प्रत्यक्षात हैदर अलीनेच तो मनापासून पाळला. निजाम हलला नाही आणि भोसल्यांना इंग्रजांनी पैसा देऊन स्वस्थ बसवले. वकिलांमार्फत जुळवलेल्या मैत्रीची मर्यादा येथे दिसली. तरीही १७८१ मध्ये बोरघाटातून जनरल गॉडर्डला मोठे नुकसान सोसून मागे फिरावे लागले आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. तो महादजींच्या मध्यस्थीने झाला. त्यामुळे त्यांचे महत्त्व वाढले हे नानांना रुचले नाही व तहास अंतिम मान्यता देण्यास त्यांनी बरेच महिने घेतले.

या काळात गोविंदराव काळे निजामाकडे, हिंगणे दिल्लीत आणि सदाशिव दिनकर महादजींच्या छावणीत, असे वकील व बातमीदार नानांना नियमित लिहीत. महादजींवर नजर ठेवण्याची ही व्यवस्था महादजींना ठाऊक होती. १७९२ मध्ये ते पुण्यास आले, तेव्हा उत्तरेतील मोहिमांच्या जमाखर्चावरून दोघांत वाद पेटला. फौजेचा खर्च उत्पन्नाहून अधिक झाला असून सरकारकडूनच आपले येणे आहे, असे महादजींचे म्हणणे होते. नाना हिशेब मागत होते. कवायती पलटणी बाळगणाऱ्या सरदाराला हिशेब विचारण्याचे बळ फडणिसाच्या दफ्तरात आता उरले नव्हते. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वानवडी येथे वारले.

१७९० मध्ये नानांनी टिपूविरुद्ध इंग्रज व निजाम यांच्याशी हातमिळवणी केली. तेव्हाचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस हा १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाऊन येथे शरण गेलेला सेनापतीच होता. टिपूचे सामर्थ्य खच्ची झाल्याने मराठ्यांपेक्षा इंग्रजांचाच अधिक लाभ झाला, असा आक्षेप या धोरणावर घेतला जातो. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका झेंड्याखाली जमल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग होय.

अखेरची वर्षे

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात गच्चीवरून पडून मृत्यू झाला. तरुण पेशव्यावर नानांचा जाच होता, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. राज्यकारभाराचा अनुभव पेशव्याला त्यांनी फारसा मिळू दिला नाही, एवढे तरी मान्य करावे लागते. दुसरे बाजीराव गादीवर आले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या नोकरीतील मायकेल फिलोज याने दिलेला शब्द मोडून नानांना कैद केले व त्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. १७९८ मध्ये मोठी रक्कम घेऊन त्यांना सोडण्यात आले आणि ते पुन्हा कारभारी झाले. वेलस्लीने पुढे केलेली तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईच्या तहाने तीच फौज पत्करली. नानांची अल्पवयीन विधवा जिऊबाई हिने लोहगडचा आश्रय घेतला. मावळातील हा किल्ला नानांच्या ताब्यात होता आणि तेथील बांधकामांवर त्यांच्या काळातील शिलालेख आहेत.

मूल्यमापन व दफ्तर

नानांवरील सर्वांत गंभीर डाग पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या प्रकरणाचा आहे. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत काही तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. लोकक्षोभानंतर नानांनी त्याला जमावाच्या हाती दिले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकामुळे हे प्रकरण घरोघरी पोहोचले, मात्र नाटकातील नाना हे इतिहासाचे चित्र नव्हे.

वासुदेवशास्त्री खरे यांनी नानांचे मराठी चरित्र लिहिले. वाईजवळील मेणवलीच्या वाड्यातील कागद द. ब. पारसनीस यांच्या संग्रहात गेले व आज ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत. हुजूर दफ्तराचे रुमाल पुण्याच्या पेशवे दफ्तरात जपले असून गो. स. सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. दुसऱ्या बाजीरावांच्या काळातील नोंदी आधीच्या तुलनेत विस्कळीत आहेत.