इतिहासाभ्यासी रानडे

परीक्षेंत पहिला येणारा विद्यार्थी पुढें त्याच विषयाची आयुष्यभर सेवा करतो, असें क्वचितच घडतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रांत तें घडलेलें दिसतें.

त्यांचा जन्म ता. १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. बाळपण कोल्हापुरास घालवून ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत आले. सन १८५९ त मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्याच प्रवेशपरीक्षेंत ते उत्तीर्ण झाले. सन १८६२ त बी. ए. होऊन इतिहास व अर्थशास्त्र या विषयांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें.

परंतु आम्हांस त्या पदकाहून दुसरीच गोष्ट मोठी वाटते. कॉलेजांत असतां एका निबंधांत त्यांनीं मराठी राज्य इंग्रजी अमलाहून सरस ठरविलें. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांस तें रुचलें नाहीं, व रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. तरी त्यांनीं ना अभ्यास सोडला, ना गुरूविषयींचा आदर. पुढें न्यायाधीशाचें काम सांभाळून त्यांनीं मराठ्यांच्या उत्कर्षाचा इतिहास इंग्रजींत लिहिला. तो १९०० त प्रसिद्ध झाला. मराठी राज्य केवळ लुटारूंच्या दैवानें उभें राहिलें नाहीं, तर साधुसंतांनीं जागृत केलेल्या लोकांच्या बळावर उभें राहिलें, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते निवर्तले.

कामठीच्या विद्यार्थ्यांनो, इतिहासाच्या चढाओढींत बक्षीस अवश्य मिळवा. परंतु तें मिळाल्यावर पुस्तक मिटूं नका, एवढेंच आम्ही सांगतों.