आकाशांतील पाषाणांचा वकील

एर्न्स्ट क्लाड्नी यांचा जन्म जर्मनींतील विटेनबर्ग येथें इ. स. १७५६ मध्यें झाला. वडील कायद्याचे अध्यापक. त्यांच्या आग्रहास्तव शास्त्राची आवड असूनहि क्लाड्नींस कायदाच शिकावा लागला. वडील निवर्तल्यावर ते ध्वनिशास्त्राकडे वळले. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेवर व्हायोलिनचा गज ओढून उमटणाऱ्या आकृति ते गांवोगांवीं दाखवीत व त्यावर उदरनिर्वाह करीत.

परंतु आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच. सैबेरियांत सांपडलेला सुमारें ७०० किलो वजनाचा लोखंडाचा गोळा पालास या प्रवासी पंडितानें प्रसिद्धीस आणला होता. त्याच्या पोकळ्यांत ऑलिव्हिन या खनिजाचे पिवळसर स्फटिक भरलेले होते. असा गोळा ना भट्टींत घडेल, ना ज्वालामुखींत, असें क्लाड्नींचें मत झालें. गटिंगेनच्या ग्रंथालयांत त्यांनीं पाषाणपाताच्या जुन्या हकीगती धुंडाळल्या. येथें तो नावडता कायदाच कामास आला! एकमेकांस न ओळखणाऱ्या, देशोदेशींच्या साक्षीदारांच्या जबान्या जुळत होत्या. हे पाषाण पृथ्वीबाहेरून येतात, असें त्यांनीं १७९४ सालीं ग्रंथ लिहून प्रतिपादिलें. अनेक विद्वानांनीं थट्टा केली. खेडुतांच्या साक्षीस त्यांच्या लेखीं किंमत ती काय?

१७९८ मध्यें आपल्या काशीजवळ पाषाण पडले. ते व इतर देशांतील पाषाण इंग्लंडांत हॉवर्ड यांनीं तपासले. त्यांतील लोखंडांत सर्वत्र निकेल आढळलें, हें त्यांनीं १८०२ मध्यें जाहीर केलें. पुढल्याच वर्षीं फ्रान्सांत हजारों पाषाण पडले आणि थट्टा थांबली.

क्लाड्नी १८२७ सालीं वारले. आपला पाषाणसंग्रह त्यांनीं बर्लिनच्या विश्वविद्यालयास दिला. सैबेरियांतील त्या गोळ्याच्या जातीस आज पॅलासाइट म्हणतात, व फुटलेल्या लघुग्रहांचे ते तुकडे होत असें शास्त्रज्ञ मानतात.