फुग्यातून पाहिलेले रोम : जाकोमो बोनी यांचे जीवनकार्य

इजिप्तमधील लक्सर येथे भल्या पहाटे, अजून तांबडे फुटते न फुटते तोच, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर उष्ण हवेचे प्रचंड फुगे आकाशात चढू लागतात. फुग्याला टांगलेल्या वेताच्या टोपलीत उभे राहून प्रवासी फेरो राजांच्या मंदिरांवरून आणि थडग्यांवरून सूर्योदय पाहतात. ही हौस पहाटेच का, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे एक कारण हवा. रात्रभर निवालेली जमीन तापून वारा उसळण्यापूर्वीची ती वेळ असते, आणि फुग्याला शांत व थंड हवाच मानवते. दुसरे कारण प्रकाश. क्षितिजालगतचे ऊन तिरपे पडते. जमिनीवरच्या वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. पायाखालून चालताना ज्या भिंतीचा मागमूस लागत नाही, ती वरून पाहताना रेघ ओढल्यासारखी दिसते. प्रवाशाला जो आनंद, तोच संशोधकाला पुरावा!

फुगा हे मौजेचे नव्हे तर ज्ञानाचे साधन आहे, हे ज्यांनी अगदी आरंभीच ओळखले त्यांत जाकोमो बोनी हे नाव अग्रभागी आहे. इटलीत हे नाव इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. आपल्याकडे ते फारसे कानांवर येत नाही. तुळजापूरच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांची ओळख करून घ्यावी, असे एक विशेष कारण आहे. आपल्या जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेची नोंद आहे. येथले कापड भडोच बंदरातून पश्चिमेकडे, रोमन साम्राज्यापर्यंत जात असे. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळालेली आहे. म्हणजे ज्या व्यापारी वाटेचे एक टोक आपल्या बालाघाटाच्या परिसरात होते, तिच्या दुसऱ्या टोकाची माती उकरणारा हा माणूस आहे.

बोनी यांचा जन्म 25 एप्रिल 1859 रोजी व्हेनिस येथे झाला. हा दिवस त्या नगरीचा रक्षक संत मार्क याच्या उत्सवाचा. लाटांवर तरंगणाऱ्या या शहरातल्या जुन्या इमारती पाहतच ते वाढले. व्हेनिसच्या कला अकादमीत त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि वयाच्या विशीत डोजच्या राजवाड्याच्या दुरुस्तीच्या कामावर ते रुजू झाले. त्या काळी जीर्णोद्धार म्हणजे जुने दगड काढून नवे कोरे बसवायचे आणि इमारत चकचकीत करायची, अशी समजूत रूढ होती. (आजही ती सर्वस्वी गेली आहे असे म्हणवत नाही.) तरुण बोनींना हे रुचेना. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या वर्तुळाशी त्यांचा संबंध जुळला. काळाने दगडावर उमटविलेली खूण हीच त्या दगडाची खरी संपत्ती, ही शिकवण त्यांनी त्या वर्तुळातून घेतली.

1885 साली त्यांनी व्हेनिसमधील संत मार्कच्या उत्तुंग घंटामनोऱ्याच्या पायाची तपासणी केली. पायाशेजारी खणताना त्यांनी खाली लागणारा मातीचा आणि बांधकामाचा एकेक थर बारकाईने नोंदविला. वास्तुविशारदाचे पुरातत्त्वज्ञात रूपांतर होण्याची सुरुवात येथे झाली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे 14 जुलै 1902 रोजी हा मनोरा ढासळला, तेव्हा ढिगाऱ्याची पाहणी करण्यासाठी बोनींनाच बोलावण्यात आले. नवा मनोरा जुन्याच जागी उभा राहिला आणि 25 एप्रिल 1912 रोजी, म्हणजे बोनींच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, त्याचे उद्घाटन झाले.

1888 मध्ये ते रोमला सरकारी सेवेत आले. काही वर्षे दक्षिण इटलीतील जुन्या वास्तूंची पाहणी करण्यात गेली. 1898 साली शिक्षणमंत्री गुइदो बाचेल्ली यांनी त्यांच्याकडे रोमन फोरमच्या उत्खननाची सूत्रे सोपविली. तेव्हा बोनी एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या आयुष्याचे खरे पर्व येथून सुरू झाले.

फोरम म्हणजे प्राचीन रोमचा चव्हाटा. न्यायनिवाडे, निवडणुका, यज्ञयाग, विजययात्रा, बाजार, सारे तेथेच. साम्राज्य लयाला गेल्यावर शतकानुशतके गाळ आणि राडारोडा साचून ही जागा बुजली. तेथे गुरे चरू लागली आणि लोक तिला गाईंचे रान या अर्थाच्या नावानेच ओळखू लागले. एकोणिसाव्या शतकात खोदकाम झाले, पण सम्राटांच्या काळातली संगमरवरी फरसबंदी लागली की कुदळी थांबत. देखणे खांब आणि पुतळे हाती आले, आणखी काय हवे, अशी ती वृत्ती होती. बोनींनी विचारले की या फरशीखाली काय आहे? रोम जर एका दिवसात उभे राहिले नाही, तर त्याचे आधीचे दिवस कोठे आहेत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी जी पद्धत आखली ती आज प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या पाठात शिकवली जाते. त्या काळी रोममध्ये ती नवलाची होती. जमीन ही एखाद्या वहीसारखी असते. सर्वांत खालचे पान सर्वांत जुने. कुदळीने भसाभस खोदणे म्हणजे वहीची सारी पाने एकदम फाडणे होय. म्हणून एकेक थर वेगळा सोलायचा, त्यातली वस्तू त्याच थराच्या नावे नोंदवायची, खापराचा क्षुद्र तुकडा, हाडाचा कपचा, राख, जळके धान्य यांपैकी काहीही फेकायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. 1901 साली त्यांनी उत्खननाच्या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध करून ही भूमिका मांडली.

या पद्धतीतच एक दुःख दडलेले आहे. थर सोलला की तो नाहीसा होतो. वाचलेले पान पुन्हा वहीत लावता येत नाही. मग नोंद हीच पुढच्या पिढ्यांची एकमेव ठेव उरते. बोनींनी नकाशे काढविले, छायाचित्रे घेवविली. परंतु फोरमसारख्या विस्तीर्ण आणि गुंतागुंतीच्या जागेचा एकत्रित देखावा जमिनीवरून कसा टिपणार? एका भिंतीआड दुसरी भिंत लपते. उंच जागेवरून पाहावे तरी कोन तिरपा पडतो. विमानाचा तर अजून जन्मही झाला नव्हता. राईट बंधूंचे पहिले उड्डाण 1903 चे.

फुगा मात्र शंभरावर वर्षे जुना होता. फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या फुग्यातून 21 नोव्हेंबर 1783 रोजी माणसाने पहिले मुक्त उड्डाण केले. 1858 मध्ये पॅरिसचे छायाचित्रकार नादार यांनी फुग्यातून छायाचित्र घेण्यात यश मिळविले. त्यानंतर सैन्यांनी शत्रूच्या टेहळणीसाठी फुगे पाळले. इटलीच्या लष्करातील अभियंत्यांच्या पथकाकडेही असे फुगे होते. बोनींनी या पथकाची मदत मागितली आणि 1899 मध्ये फोरमच्या अवशेषांवर फुगा चढला.

हा फुगा आजच्या प्रवासी फुग्यासारखा उष्ण हवेचा आणि मोकळा नव्हता. हायड्रोजन वायूने भरलेला आणि दोराने जमिनीशी बांधलेला असा तो होता. तो भरकटत नसे, म्हणून हव्या त्या जागेवर, हव्या त्या उंचीवर त्याला धरून ठेवता येई. वाऱ्याची झुळूक आली की तो झुले, आणि त्या काळच्या काचेच्या तबकड्यांवर प्रतिमा हलू नये म्हणून शांत क्षणाची वाट पाहावी लागे. असे असूनही जी छायाचित्रे हाती आली ती अपूर्व होती. मंदिरांचे चौथरे, पवित्र मार्गाची वळणे, सभागृहांच्या खांबांच्या ओळी, सारे एका दृष्टिक्षेपात! शत्रूच्या छावणीवर नजर ठेवणारे साधन येथे मृत नगराची ओळख पटविण्याच्या कामी आले. 1908 साली पुन्हा अशी छायाचित्रे घेण्यात आली. दोन्ही संच शेजारी ठेवले की मधल्या वर्षांतले उत्खनन कोठवर पोचले ते स्पष्ट होते. पुढे रोमचे जुने बंदर ऑस्टिया याचेही फुग्यातून चित्रण झाले. इंग्लंडमधील स्टोनहेंजचे फुग्यातून घेतलेले प्रसिद्ध छायाचित्र 1906 चे, हे ध्यानात घेतले म्हणजे बोनींचे द्रष्टेपण कळते.

वरून पाहणाऱ्या या माणसाने खाली काय शोधले? 1899 च्या जानेवारीत जुन्या सभास्थानाजवळ काळ्या दगडाची एक फरसबंदी लागली. ‘लापिस निगर’, म्हणजे काळा दगड, या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्याखाली वेदी, यज्ञाची राख, हाडे, नवसाच्या वस्तू आणि एक तुटका शिलास्तंभ सापडला. त्यावरचा लेख अतिप्राचीन लॅटिन भाषेतला, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा आहे. बैलाने नांगरट करावी तशी त्याची एक ओळ एका दिशेने तर दुसरी उलट दिशेने जाते. त्यात राजा या अर्थाचा शब्द आहे. रोमच्या राजांच्या कथा निव्वळ दंतकथा होत, असे मानणाऱ्या पंडितांना त्या एका शब्दाने फेरविचार करावयास लावले.

1902 साली अंतोनायनस आणि फाउस्टिना यांच्या मंदिराशेजारी लोहयुगीन स्मशानभूमी लागली. झोपडीच्या आकाराच्या मातीच्या कुंभांतून मृतांची रक्षा ठेवलेली होती. इ. स. पू. 753 हे रोमच्या स्थापनेचे पारंपरिक साल. त्याच्याही आधी तेथे माणसे जगत होती आणि मरत होती, याची ती साक्ष होती. युतुर्ना देवीचा झरा, पुरोहितराजाचे स्थान असलेली रेजिया, ख्रिस्ती चित्रांनी नटलेले प्राचीन सांता मारिया अंतिका चर्च, अशी शोधांची मालिकाच लागली. 1907 पासून पॅलाटाईन टेकडीचे कामही त्यांच्याकडे आले. परदेशीचे विद्वान आणि साहित्यिक त्यांच्या भेटीस येत. फ्रेंच कादंबरीकार अनातोल फ्रान्स यांनी तर 1905 च्या एका पुस्तकात त्यांना पात्र म्हणून उभे केले. उघड्या पडलेल्या अवशेषांत बोनींनी गुलाब, लॉरेल अशी झाडे लावली. जुने दगड आणि जिवंत पाने एकत्र नांदावीत, अशी त्यांची दृष्टी होती.

थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या उणिवा झाकू नयेत. सांता मारिया अंतिका उजेडात आणण्यासाठी तिच्या डोक्यावर उभे असलेले सतराव्या शतकातले चर्च 1900 मध्ये पाडावे लागले. प्रत्येक थराचा मान राखा, असे सांगणाऱ्यालाही कोणता थर ठेवायचा आणि कोणता काढायचा, ही निवड चुकली नाही. दुसरी गोष्ट अधिक खेदाची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांची प्रकृती ढासळली आणि प्राचीन रोमच्या पुनर्जन्माच्या स्वप्नाने त्यांचे मन झपाटले. मुसोलिनीच्या राजवटीत त्यांना ते स्वप्न दिसले. 1923 मध्ये ते सिनेटचे सदस्य झाले, आणि काठ्यांची जुडी व कुऱ्हाड हे जे रोमन दंडचिन्ह फासिस्टांनी मिरविले, त्याचे प्राचीन रूप ठरविण्यास त्यांच्या विद्वत्तेने हातभार लावला. खापराच्या तुकड्याला जो माणूस पुराव्यावाचून एक शब्दही बोलू देत नसे, तोच वर्तमानाच्या बाबतीत पुरावा न मागता भुलला! इतिहासाच्या अभ्यासकाने हा धडा त्यांच्या शोधांइतकाच लक्षात ठेवावयास हवा. भूतकाळावरचे प्रेम ही चांगली गोष्ट आहे. पण ते प्रेम कोण कशासाठी वापरतो, याकडे डोळेझाक करून चालत नाही.

10 जुलै 1925 रोजी रोममध्ये बोनींचे निधन झाले. पॅलाटाईन टेकडीवरील फार्नेसे उद्यानात त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्या भूमीचे थर त्यांनी उलगडले, त्याच भूमीचा तेही एक थर झाले.

बोनी फोरममध्ये खणत होते त्याच सुमारास आपल्याकडे हेन्री कझिन्स यांनी तेरच्या त्रिविक्रम मंदिराची पाहणी केली. विटांची ती वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, हे त्यांनी दाखविले. फ्लीट यांनी 1901 मध्ये तगर म्हणजे तेर हे सिद्ध केले. पुढे तेथे उत्खनने झाली, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जपलेल्या संग्रहातून तेरचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तरीही मराठवाड्यातल्या कितीतरी गावांच्या पांढरीची टेकाडे माळवदावर घालण्यासाठी, भिंती लिंपण्यासाठी आणि शेतात पसरण्यासाठी खणून नेली गेली. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. गरीब माणसाला माती हवी होती आणि तिच्यात काय लिहिले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ते सांगण्याचे काम शिकलेल्यांचे आहे. त्यासाठी फुगा लागतोच असे नाही. आपल्या गावच्या पांढरीवर सकाळच्या तिरप्या उन्हात उभे राहावे, सावल्या पाहाव्यात, पावसाळ्यानंतर उघडे पडलेले खापर कोठे मिळाले ते टिपून ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. एवढे जरी आपल्यातल्या दहा जणांनी केले, तरी तगरच्या वहीची काही पाने फाटण्यापूर्वी वाचली जातील.