फर्न उन्हात करपते, अंधारात मरते. मग ठेवायचे कुठे? दोनशे वर्षांपूर्वी उत्तर शोधणारे डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड

नागपुरात पावसाळ्यात नर्सरीतून आणलेले फर्न दिवाळीपर्यंत छान वाढते. होळीनंतर त्याची टोके तपकिरी पडू लागतात आणि मे महिन्यात कुंडीत नुसत्या काड्या उरतात. मग कोणी पाणी वाढवते, तर कोणी ‘सावलीतले झाड’ म्हणून कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात नेते. दोन्ही उपाय फसतात. फर्नला, म्हणजेच नेच्यांना नेमके काय हवे असते, हे लंडनमधल्या एका डॉक्टरांना १८२९ मध्ये जवळजवळ योगायोगाने कळले. त्यांचे नाव नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड.

जमैकातली ओढ, लंडनचा धूर

वॉर्ड यांचा जन्म १७९१ चा. वडील डॉक्टर होते. तेराव्या वर्षी वॉर्ड समुद्रमार्गे जमैकाला गेले आणि तिथल्या दमट जंगलातले ताड व नेचे पाहून त्यांना वनस्पतींचा जो नाद लागला, तो आयुष्यभर सुटला नाही. पुढे तेही डॉक्टर झाले आणि लंडनच्या पूर्व भागातील वेलक्लोज स्क्वेअर येथे त्यांनी दवाखाना चालवला. हा भाग गोदीचा, कारखान्यांचा आणि गरिबांच्या दाट वस्तीचा होता.

घरामागच्या अंगणात त्यांनी दगड रचून नेचे व शेवाळ लावले. झऱ्याचा भास व्हावा म्हणून वरून भोके पाडलेली नळी फिरवली. पाणी होते, सावली होती, माती चांगली होती. तरीही कोळशाच्या धुरात झाडे एकेक करून गेली. शेवटी त्यांनी प्रयत्न सोडला.

बाटलीतला अंकुर

वॉर्ड यांना कीटकांचाही छंद होता. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत पुरून रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवला आणि वर झाकण लावले. दिवसा मातीतला ओलावा वाफ होऊन काचेवर जमायचा आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरायचा. पतंग बाहेर यायच्या सुमारास मातीतून दोन कोंब डोकावले. एक गवताचा होता आणि दुसरा चक्क नेच्याचा. अंगणात जी जात जगत नव्हती, ती बंद बाटलीत आपोआप उगवली होती.

वॉर्ड यांनी ती बाटली अभ्यासिकेच्या उत्तरेकडील खिडकीबाहेर टांगली. तिथे थेट ऊन येत नव्हते, पण मोकळ्या आकाशाचा उजेड दिवसभर मिळत होता. पाण्याचा एक थेंबही न घालता ती रोपे जवळपास चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजून पावसाचे पाणी आत गेले, तेव्हा ती कुजली.

यातून नेच्यांच्या सावलीचा अर्थ उलगडला. त्यांना अंधार नको असतो. हवा असतो पसरलेला उजेड आणि भोवती ओलसर, स्वच्छ हवा. थेट उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने त्यांच्या पातळ पानांतले पाणी झपाट्याने उडते. मुळे ते तितक्या वेगाने भरून काढू शकत नाहीत, म्हणून कुंडी ओली असूनही टोके करपतात. उलट अंधारात पानाला अन्नच तयार करता येत नाही.

जहाजाच्या डेकवरची परीक्षा

त्या काळी परदेशी रोपे जहाजावर नेहमी याच पेचात सापडत. तळघरात ठेवली तर उजेडाविना मरत, डेकवर ठेवली तर खारा वारा त्यांना जाळी. वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेट्या करून १८३३ मध्ये इंग्लंडमधले नेचे व गवत ऑस्ट्रेलियाला पाठवले. पेट्या उजेडासाठी डेकवरच ठेवल्या होत्या. रोपे सुखरूप पोहोचली. परतीच्या आठ महिन्यांच्या प्रवासात वाटेत बर्फ पडला, विषुववृत्तावर पारा ४९ अंशांच्या आसपास गेला, तरी ऑस्ट्रेलियाचे नेचे लंडनला हिरवेगार उतरले.

वॉर्ड यांनी १८४२ मध्ये यावर पुस्तक लिहिले. अशा पेट्या गरिबांच्या कोंदट घरांतही हिरवळ आणतील, अशी त्यांची आशा होती. १८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला आणि पेट्या घरोघरी दिसू लागल्या; नेचे जमवण्याचे तर वेडच पसरले. याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला. क्विनाइन देणारा सिंकोनाही असाच निलगिरीत आला. १८६० मधली पहिली खेप मात्र तांबड्या समुद्रातील उकाड्यात होरपळली. वॉर्ड यांचे १८६८ मध्ये निधन झाले.

नागपुरात याचा उपयोग कसा?

वॉर्ड यांची उत्तरेची खिडकी लंडनची होती, हे विसरून चालत नाही. लंडनमध्ये दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. इथे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. मे अखेरच्या, म्हणजे नवतपाच्या सुरुवातीच्या शून्य सावली दिवसानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेची बाजू उत्तम असली, तरी एप्रिल ते जूनमध्ये तिथेही हिरवी नेट हवीच. पूर्वेचे कोवळे ऊन हिवाळ्यात चालते. पश्चिमेची गॅलरी मात्र टाळावी.

घरात कुंडी खिडकीजवळ, पण उन्हाच्या पट्ट्याबाहेर ठेवावी. दुपारी पानांवर हात धरून पाहावे. सावली धूसर पडली तर उजेड योग्य आहे, ठळक पडली तर जास्त आणि पडलीच नाही तर कमी. पाने फिकी होऊन करपली तर कुंडी आत सरकवावी. विरळ होऊन खिडकीकडे झुकली तर बाहेर.

अंगणात आंब्यासारख्या दाट झाडाखालची जागा चांगली, तापणाऱ्या भिंतीजवळची किंवा टिनाखालची नको. पचमढीच्या खोल, झऱ्यालगतच्या दऱ्यांत नेचे माजतात, त्यामागे हेच कारण आहे. कूलरच्या खोलीतली ओलसर हवा त्यांना मानवते, फक्त झोत थेट पानांवर नसावा. कुंड्या एकत्र, पाणी आणि खडे भरलेल्या ताटलीवर ठेवल्या तर भोवतीची हवा थोडी दमट राहते. हंसराजासारख्या नाजूक नेच्याला वॉर्ड यांच्यासारखी काचेची बरणीही चालते. ती बरणी मात्र कधीच उन्हात ठेवू नये. बंद काचेत उष्णता साठते आणि नागपूरच्या उन्हात आतले रोप काही तासांत शिजते.